तयार झालेल्या, पण न दिलेल्या दोन युद्धनौका

५ ऑगस्ट २०१५ रोजी फ्रान्सचे अध्यक्ष फ्रान्स्वा ओलांद आणि रशियाचे अध्यक्ष व्लादिमिर पुतिन यांचे बोलणे झाले आणि मिस्त्राल जातीच्या दोन युद्धनौकांचा करार संपुष्टात आल्याचे त्याच दिवशी जाहीर करण्यात आले. तोपर्यंत या दोन्ही नौका जवळजवळ पूर्ण होऊन फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील सां-नाझेर बंदरात उभ्या होत्या. एकीचे नाव ‘व्लादिवोस्तोक’ आणि दुसरीचे ‘सेवास्तोपोल’. किमतीचा मोठा भाग रशियाने चुकता केलेला होता, नौकांचे काही भाग रशियातच बांधलेले होते आणि त्यांवर काम करणाऱ्या रशियन खलाशांचे प्रशिक्षणही झालेले होते. एवढे सगळे झाल्यानंतर विकणारा देश ‘देत नाही’ म्हणतो, तेव्हा नेमके काय घडते, पैसे कोण कोणाला देतो, नौका कोणाच्या मालकीची ठरते आणि त्याचे पडसाद किती दूरवर उमटतात, हे समजून घेण्यासाठी अलीकडच्या काळात याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

मिस्त्राल ही तोफांनी किंवा क्षेपणास्त्रांनी लढणारी नौका नव्हे. सुमारे १९९ मीटर लांबीच्या आणि पूर्ण भारासह २१ हजार टनांच्या आसपास वजन असलेल्या या जहाजाचे मुख्य काम समुद्रातून दूरच्या किनाऱ्यावर फौज उतरवणे हे आहे. तिच्यावर १६ हेलिकॉप्टरे राहू शकतात, पोटात रणगाडे आणि वाहने मावतात, मागच्या बाजूला पाणी आत घेता येणारा हौद असतो व त्यातून चार लहान नौका सैनिक आणि वाहने घेऊन थेट किनाऱ्याकडे निघू शकतात. साडेचारशे सैनिकांची दीर्घकाळ राहण्याची सोय, ६९ खाटांचे रुग्णालय आणि संपूर्ण मोहिमेचे संचालन करता येईल असे नियंत्रण केंद्रही तिच्यावर आहे. २००६ मध्ये लेबनॉनमधून नागरिकांना बाहेर काढण्यासाठी फ्रान्सने हीच नौका वापरली होती. त्यामुळे ‘हे तर मदतकार्याचे जहाज आहे’ असे तिच्या विक्रीचे समर्थन करणाऱ्यांना म्हणता येत होते आणि ‘हे परक्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याचे साधन आहे’ असे विरोध करणाऱ्यांना. दोन्ही विधाने खरी होती. मात्र खरेदीदाराला ती कशासाठी हवी होती, याविषयी फारसा संशय घेण्याचे कारण नव्हते. ऑगस्ट २००८ मध्ये रशियाने जॉर्जियाशी पाच दिवसांचे युद्ध केले आणि पुढच्याच वर्षी रशियन नौदलाचे प्रमुख अ‍ॅडमिरल व्लादिमिर व्हिसोत्स्की यांनी जाहीरपणे सांगितले की, अशी नौका हाताशी असती तर काळ्या समुद्रातील ताफ्याला ज्या कामासाठी २६ तास लागले ते ४० मिनिटांत झाले असते.

हे विधान विकणाऱ्यांनी ऐकलेले होते, म्हणून ते महत्त्वाचे आहे. फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष निकोला सार्कोझी यांनी जॉर्जियातील युद्धात शस्त्रसंधीसाठी मध्यस्थी केली होती आणि रशियाला दूर लोटण्यापेक्षा व्यापाराने जवळ आणावे, असा त्यांच्या सरकारचा विचार होता. त्यात २००८ च्या आर्थिक मंदीनंतर सां-नाझेरच्या गोदीत काम कमी झालेले होते आणि या एका मागणीतून सुमारे हजार लोकांना काही वर्षांचा रोजगार मिळेल, असे सांगितले जात होते. जॉर्जिया आणि बाल्टिक देशांनी हरकत घेतली, अमेरिकेनेही नाराजी कळवली. परंतु डिसेंबर २०१० मध्ये निवड जाहीर झाली, जानेवारी २०११ मध्ये दोन सरकारांमध्ये समझोता झाला आणि जून २०११ मध्ये फ्रान्सची डीसीएनएस ही कंपनी व रशियाची सरकारी शस्त्रव्यापार संस्था रोसोबोरोनएक्सपोर्ट यांच्यात करार झाला. किंमत १२० कोटी युरो होती, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेसात हजार कोटी रुपयांच्या आसपास. नाटोच्या एखाद्या सदस्य देशाने रशियाला इतकी मोठी युद्धनौका विकण्याचा असा प्रसंग त्यापूर्वी आलेला नव्हता. दोन नौका फ्रान्समध्ये बांधायच्या आणि पुढे आणखी दोन रशियात बांधता याव्यात, असे ठरले होते. रशियाला जहाजाइतकीच ते बांधण्याची विद्याही हवी होती, विशेषतः मोठमोठे भाग वेगवेगळे तयार करून शेवटी एकत्र जोडण्याची पद्धत. म्हणूनच दोन्ही नौकांचे मागचे भाग सेंट पीटर्सबर्गच्या बाल्टिक गोदीत तयार झाले आणि समुद्रमार्गे ओढून सां-नाझेरला आणले गेले. उत्तरेच्या थंड समुद्रासाठी सांगाडा अधिक भक्कम करण्यात आला, रशियाची का-५२ हेलिकॉप्टरे उंच असल्यामुळे त्यांच्या कोठाराची उंची वाढवण्यात आली आणि संपर्काची कित्येक उपकरणे रशियन बनावटीची बसवण्यात आली.

थोडक्यात, ही नौका गिऱ्हाइकाच्या मापाने घडवली जात होती, आणि ती देण्यास नकार देणे इतके अवघड का गेले याचे उत्तर या घडणीतच आहे. आपल्याकडे घराचे साठेखत होते, हप्ते भरले जातात, घेणाऱ्याच्या सांगण्यावरून भिंती हलवल्या जातात आणि मग विकणारा ताबा देण्यास नकार देतो, तेव्हा केवळ पैसे परत करून प्रश्न मिटत नाही. आत बसवलेल्या वस्तू कोणाच्या, तिसऱ्याला विकण्याची मोकळीक आहे का, हे सगळे नव्याने ठरवावे लागते. येथे तेच दोन देशांच्या पातळीवर घडले, फक्त निकाल देणारे दिवाणी न्यायालय नव्हते.

मार्च २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया आपल्या ताब्यात घेतला आणि पूर्व युक्रेनमध्ये लढाई सुरू झाली. दुसऱ्या नौकेचे नाव ज्या सेवास्तोपोल शहरावरून ठेवले होते, ते शहर क्रिमियातच आहे. १७ जुलै २०१४ रोजी मलेशियन एअरलाइन्सचे एमएच-१७ हे प्रवासी विमान पूर्व युक्रेनच्या आकाशात पाडले गेले आणि त्यातील सर्व २९८ जण मृत्युमुखी पडले. युरोपातील जनमत त्यानंतर झपाट्याने बदलले. तरीही जुलैच्या अखेरीस युरोपीय संघाने रशियावर शस्त्रबंदी लादली, तेव्हा ती नव्या करारांनाच लागू राहील आणि आधीचे करार तिच्या कक्षेबाहेर असतील, अशी तरतूद ठेवण्यात आली. तिचा अर्थ असा होता की, कायद्याने फ्रान्सला नौका देण्याची मुभा होती. निर्बंधांमुळे आमचे हात बांधलेले आहेत, असे म्हणून जबाबदारी ब्रुसेल्सवर, म्हणजे युरोपीय संघावर, टाकण्याचा मार्ग ओलांद यांच्या सरकारने त्यामुळे स्वतःच बंद करून घेतला. जो काही नकार द्यायचा तो फ्रान्सने आपल्या नावावर द्यायचा होता.

नकार देण्याची कायदेशीर रीत समजून घेण्यासारखी आहे. विक्रीचा करार कंपनीने केलेला असला तरी फ्रान्समध्ये युद्धसामग्रीची निर्यात ही मुळात निषिद्ध मानली जाते आणि प्रत्येक वेळी सरकारने परवाना दिला तरच ती होऊ शकते. म्हणजे कंपनीने जहाज वेळेवर आणि नीट बांधले तरी ते बंदराबाहेर नेण्यासाठी सरकारची वेगळी परवानगी लागते. सरकारने करार मोडला असे म्हणण्याऐवजी सरकारने निर्यातीची परवानगी रोखली, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. ३ सप्टेंबर २०१४ रोजी, वेल्समधील नाटो परिषदेच्या तोंडावर, पहिली नौका देण्यासाठी आवश्यक परिस्थिती अद्याप निर्माण झालेली नाही, असे ओलांद यांच्या कार्यालयाने जाहीर केले. २५ नोव्हेंबर रोजी ‘पुढील सूचनेपर्यंत’ हा शब्दप्रयोग आला. म्हणजे रद्द नाही, चालूही नाही. या मधल्या अवस्थेत जवळजवळ वर्ष गेले आणि माझ्या मते सर्वांत महाग पडला तो हाच काळ. दोन प्रचंड जहाजांची राखण, विमा, यंत्रांची देखभाल यांवर महिन्याला लाखो युरो खर्च होत होते, आणि निर्णय लांबत जाईल तसतसा वाटाघाटींत रशियाचा हात वरचढ होत होता, कारण पैसे त्याचे अडकलेले असले तरी अडचणीत फ्रान्स होता.

त्या वर्षी सुमारे चारशे रशियन खलाशी सां-नाझेरमध्ये होते. जूनच्या अखेरीस ते ‘स्मोल्नी’ या प्रशिक्षण नौकेवरून आले, ‘व्लादिवोस्तोक’वर त्यांनी सराव केला आणि डिसेंबरमध्ये रिकाम्या हाताने परत गेले. ते असताना बंदरावर पहारा कडक होता. फ्रान्समध्ये याला एक जुना इतिहास आहे. इस्राएलने फ्रान्सकडे मागितलेल्या १२ क्षेपणास्त्र नौकांपैकी शेवटच्या पाच शस्त्रबंदीमुळे शेर्बूर बंदरात अडकल्या होत्या आणि १९६९ च्या नाताळच्या रात्री इस्राएली खलाशांनी त्या गुपचूप बाहेर काढून थेट हैफाला नेल्या होत्या. २०१४ मध्ये तसे काही घडले नाही. पण पैसे दिलेला खरेदीदार आणि तयार जहाज एकाच बंदरात असणे किती नाजूक असते, हे फ्रेंच अधिकाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नव्हते.

आता पैशांचा हिशेब. रशियाने तोपर्यंत सुमारे ८९ कोटी युरो भरलेले होते. ते परत करणे अटळच होते. वाद होता तो त्यापलीकडच्या खर्चाचा. खलाशांचे प्रशिक्षण, व्लादिवोस्तोकच्या तळावर सुरू केलेली बांधकामे, खास या नौकांसाठी तयार केलेली हेलिकॉप्टरे, असा रशियाचा दावा वाढत होता. फ्रान्सच्या बाजूने राष्ट्रीय सुरक्षा सचिवालयाचे प्रमुख लुई गोतिए आणि रशियाच्या बाजूने उपपंतप्रधान द्मित्री रोगोझिन यांच्यात महिनोन्महिने वाटाघाटी चालल्या. अखेरीस फ्रान्सने सुमारे ९४ कोटी ९७ लाख युरो दिले, म्हणजे भरलेली रक्कम आणि प्रशिक्षण वगैरेंसाठी साडेपाच कोटींहून थोडी अधिक भर. दंडाची रक्कम द्यावी लागली नाही आणि प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादासमोर गेले नाही, हे फ्रान्सचे खरे यश होते. लवादाचा निकाल लागेपर्यंत कित्येक वर्षे जहाजे धक्क्यालाच राहिली असती आणि दाव्याची रक्कमही फुगली असती. पण हिशेब येथे संपत नाही. रशियाला दिलेली रक्कम ही खर्चाची एक बाजू झाली. दुसऱ्या बाजूला डीसीएनएस होती, जिला उरलेले पैसे मिळणार नव्हते आणि जिने सां-नाझेरच्या गोदीला व इतर पुरवठादारांना त्यांचे देणे द्यायचे होते. अशा व्यवहारांना फ्रान्समध्ये निर्यात विम्याचे संरक्षण असते, आणि तो विमा तेव्हा कोफास या संस्थेमार्फत सरकारच्याच हमीवर दिला जात असे. त्यामुळे कंपनीचे नुकसान फिरून सरकारी तिजोरीकडेच येणार होते.

पैशांपेक्षा मालकीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. मागचे भाग आम्ही बांधले आहेत, ते परत द्या, अशीही भाषा रशियात झाली. जहाज कापल्याशिवाय ते शक्य नव्हते. शिवाय शस्त्रव्यापारात घेणाऱ्याकडून ‘ही सामग्री मीच वापरीन, तुमच्या संमतीवाचून दुसऱ्याला देणार नाही’ असे लेखी वचन घेण्याची पद्धत आहे. मिस्त्रालच्या पोटात रशियन उपकरणे होती, म्हणून येथे हे वचन उलट दिशेनेही लागू होते: फ्रान्सला नौका तिसऱ्या देशाला विकायच्या असतील तर रशियाची हरकत नसणे आवश्यक होते. ऑगस्ट २०१५ च्या समझोत्यातून फ्रान्सने मिळवलेली सर्वांत मौल्यवान गोष्ट हीच होती. रक्कम परत मिळाल्यावर दोन्ही नौका पूर्णपणे फ्रान्सच्या मालकीच्या झाल्या, रशियन उपकरणे काढून परत पाठवायची ठरली आणि पुनर्विक्रीचा मार्ग मोकळा झाला. मधल्या काळात फ्रेंच नौदलानेच त्या घ्याव्यात, कॅनडाला किंवा सिंगापूरला विकाव्यात, इतकेच नव्हे तर खोल समुद्रात बुडवून टाकाव्यात, असे पर्याय वृत्तपत्रांतून चर्चिले गेले होते. फ्रेंच नौदलाकडे याच जातीच्या तीन नौका आधीच होत्या आणि आणखी दोन चालवण्याइतके मनुष्यबळ व पैसा नव्हता.

शेवटी गिऱ्हाईक मिळाले ते इजिप्तचे. त्याच वर्षी इजिप्तने फ्रान्सकडून २४ राफेल विमाने आणि एक फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) घेण्याचा करार केलेला होता. सप्टेंबर २०१५ मध्ये विक्री जाहीर झाली, ऑक्टोबरमध्ये कैरोत करार झाला आणि किंमत सुमारे ९५ कोटी युरो असल्याचे सांगण्यात आले. २०१६ मध्ये ‘व्लादिवोस्तोक’ ही ‘गमाल अब्देल नासेर’ झाली आणि ‘सेवास्तोपोल’ ही ‘अन्वर अल सादात’. ज्या का-५२ हेलिकॉप्टरांसाठी कोठारे उंच केली होती, त्याच कुळातील ४६ हेलिकॉप्टरे इजिप्तने रशियाकडून मागवली. रद्द झालेल्या सौद्यातूनही रशियाच्या कारखान्याला काम मिळाले, ही गोष्ट त्या वेळी फारशी बोलली गेली नाही.

सां-नाझेरमधील कामगारांचे काय झाले, हे विचारले पाहिजे, कारण २०१४ च्या सप्टेंबरमध्ये त्या गावात नौका द्याव्यात म्हणूनही मोर्चे निघाले आणि देऊ नयेत म्हणूनही. नौका द्या म्हणणाऱ्या कामगारांना रशियाच्या धोरणांचे प्रेम होते असे नव्हे. पुढचे काम मिळेल की नाही, याची त्यांना भीती होती. ती भीती खरी ठरली नाही. त्याच गोदीत तेव्हा ‘हार्मनी ऑफ द सीज’ हे महाकाय प्रवासी जहाज बांधले जात होते आणि पुढची वर्षे गोदीला पर्यटन जहाजांच्या मागण्यांनीच तारले. पण हा योगायोग होता. पर्यटन व्यवसाय त्या वर्षांत मंदीत असता, तर तत्त्वाच्या निर्णयाची किंमत एका लहान शहराने चुकवली असती, आणि कोणत्याही सरकारने असा निर्णय घेताना ही बाजू आधी मांडून ठेवली पाहिजे.

रशियाला नौकांऐवजी पैसे मिळाले, आणि युरोची किंमत रुबलच्या तुलनेत दरम्यान खूप वाढल्याने रुबलमध्ये मोजल्यास ते अधिकच मिळाले. परंतु पैशाने काळ परत येत नाही. रशियाची किनाऱ्यावर फौज उतरवणारी बहुतेक मोठी जहाजे सोव्हिएत काळातील आहेत. मिस्त्रालसारख्याच स्वतःच्या नौका बांधण्याचा निर्णय झाला आणि जुलै २०२० मध्ये दोन नौकांच्या बांधणीचा समारंभपूर्वक आरंभ झाला तो क्रिमियातील केर्च येथे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर अनेक बाजूंनी आक्रमण केले, तेव्हा त्यांपैकी एकही तयार नव्हती. मिस्त्राल असत्या तर युद्धाचे चित्र बदलले असते, असे मी म्हणणार नाही. जहाजविरोधी क्षेपणास्त्रांनी काळ्या समुद्रात मोठ्या नौकांची काय अवस्था केली, ते पुढे दिसलेच. पण नाटोच्या एका देशाने बांधलेली दोन आक्रमण-जहाजे त्या ताफ्यात नव्हती, याचे समाधान फ्रान्सला वाटावे, इतके नक्की. २०१४ चा नकार योग्य होता; चूक झाली ती २०११ मध्ये, खरेदीदाराचा हेतू समोर असताना.

ही चर्चा भारतात पोहोचली, आणि तिचे कारण मुंबईत होते. मिस्त्राल बांधणारी डीसीएनएस, जिचे नाव २०१७ मध्ये नेव्हल ग्रुप झाले, तीच कंपनी २००५ च्या करारानुसार माझगाव डॉकमध्ये सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांसाठी तंत्रज्ञान पुरवत होती, आणि राफेलच्या वाटाघाटीही चालू होत्या. पैसे घेऊन माल अडवणाऱ्यावर उद्या संकटात विश्वास ठेवायचा का, असा प्रश्न रशियन बाजूने मुद्दाम विचारला जात होता. भारताने त्यावरून फ्रान्सकडे पाठ फिरवली नाही. एप्रिल २०१५ मध्ये, म्हणजे मिस्त्रालचा निकाल लागण्याआधीच, ३६ राफेल घेण्याची घोषणा झाली. स्कॉर्पीन जातीची पहिली पाणबुडी ‘कलवरी’ डिसेंबर २०१७ मध्ये आणि सहावी ‘वागशीर’ जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतच नौदलात दाखल झाली. नकार कोणाला आणि कशासाठी दिला गेला, हे खरेदीदार बारकाईने पाहतात.

काही वर्षांनी त्याच कंपनीला उलट बाजूचा अनुभव आला. ऑस्ट्रेलियाने २०१६ मध्ये १२ पाणबुड्यांसाठी तिची निवड केली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिका व ब्रिटनबरोबर नवा समझोता जाहीर करून ती योजना सोडून दिली. येथे मागे हटला तो घेणारा होता. कराराची रचना टप्प्याटप्प्याची होती आणि टप्प्यावर थांबण्याची वाट तिच्यात होती, त्यामुळे ५५.५ कोटी युरोंवर तडजोड वर्षाच्या आत झाली. मात्र फ्रान्सने वॉशिंग्टन आणि कॅनबेरा येथून आपले राजदूत माघारी बोलावले, जे त्याने रशियाबाबत मिस्त्रालच्या वेळी केले नव्हते. बाहेर पडण्याची वाट करारात असली तर पैशांचा तंटा लवकर मिटतो. मित्राने न सांगता फिरवलेली पाठ कोणत्याही कलमात बसत नाही.

२०१४ मध्ये तुटलेल्या संबंधांचा एक धागा गोव्यापर्यंत येतो. रशिया आपल्या नौदलासाठी कालिनिनग्राडमध्ये फ्रिगेट बांधत होता आणि त्यांची गॅस टर्बाइन इंजिने युक्रेनमधील मिकोलायिव्ह येथील झोर्या-मॅशप्रोएक्ट हा कारखाना देत असे. क्रिमियानंतर युक्रेनने ती देणे थांबवले आणि अर्धवट सांगाडे गोदीत पडून राहिले. त्यांतील दोन भारताने घेतले, इंजिने युक्रेनकडून स्वतः विकत घेऊन रशियन गोदीला दिली, आणि ‘तुशिल’ डिसेंबर २०२४ मध्ये तर ‘तमाल’ जुलै २०२५ मध्ये भारतीय नौदलात आली. याच जातीच्या आणखी दोन नौका गोवा शिपयार्डमध्ये रशियन तंत्रज्ञानाच्या आधारे बांधल्या जात आहेत. ‘त्रिपुट’चे जलावतरण जुलै २०२४ मध्ये झाले आणि ‘तवस्या’चे मार्च २०२५ मध्ये. त्यांच्यासाठीही इंजिने ठरली ती मिकोलायिव्हचीच.